पोटाच्या आतलं अस्तर: पेरिटोनियमबद्दल तुमचे प्रश्न

नमस्कार मंडळी. मागच्या अंकात अपेंडिक्सच्या एका पत्राला उत्तर देताना मी ओघात लिहून गेले की "पेरिटोनियमला सूज आली की पोट लाकडासारखं कडक होतं", आणि ते पेरिटोनियम म्हणजे काय हे सांगायचं राहूनच गेलं. त्यावर बरीच पत्रं आली, म्हणून यावेळी अख्खा कॉलम त्यालाच देतेय. मला हा विषय फार जवळचा आहे, कारण सर्जन म्हणून पोट उघडलं की पहिली भेट याच पडद्याशी होते आणि पेशंटचं पोट दुखतंय म्हणजे नक्की काय चाललंय हे बऱ्याचदा हाच पडदा सांगतो.

प्रश्न: ताई, पेरिटोनियम म्हणजे नक्की काय? पोटावरची चरबी, का स्नायू, का आतड्याचं साल? शोधलं तर "उदरपोकळीचं आवरण" एवढंच मिळालं, त्याने डोक्यात काही उजेड पडला नाही.

यातलं काहीच नाही. तो एक पातळ, ओलसर, चकाकणारा, जवळजवळ पारदर्शक पडदा आहे. वर चपट्या पेशींचा एकच थर आणि त्याच्या खाली थोडंसं जोडऊतक, बस. मराठी पुस्तकांत त्याला पर्युदर किंवा उदरावरण म्हणतात, पण दवाखान्यात सगळे पेरिटोनियमच म्हणतात म्हणून मीही तेच लिहिते.

रचना समजायला एक अर्धवट फुगवलेला फुगा डोळ्यासमोर आणा आणि त्यात बाहेरून मूठ दाबून खुपसा. मुठीभोवती सगळीकडून फुगा येतो, पण मूठ काही फुग्याच्या आत गेलेली नसते, हे नीट लक्षात घ्या, कारण कॉलेजात आमचाही इथेच गोंधळ व्हायचा. मूठ म्हणजे आतडं. मुठीला चिकटलेला फुग्याचा थर म्हणजे अवयवांवरचं पेरिटोनियम, बाहेरचा थर म्हणजे पोटाच्या भिंतीला आतून लागलेलं पेरिटोनियम, आणि मनगटापाशी जिथे दोन्ही थर एकमेकांजवळ येतात तो झाला आंत्रबंध, म्हणजे मेसेंटरी, ज्यातून आतड्याच्या रक्तवाहिन्या आणि नसा ये-जा करतात. मधली जी पोकळी राहिली तिच्यात कुठलाही अवयव नसतो, असतं फक्त थोडंसं पाणी, निरोगी माणसात साधारण 50 मिलिलिटरपेक्षाही कमी. तेवढ्यावर आतडी दिवसरात्र एकमेकांवरून सरकत राहतात आणि आपल्याला पत्ताही लागत नाही.

आता आकडा ऐका. हा सगळा पडदा उलगडून पसरला तर मोठ्या माणसात दीड ते दोन चौरस मीटर भरतो, म्हणजे जवळपास आपल्या अख्ख्या त्वचेएवढा! एवढ्याशा पोटात कसा मावतो तर घड्या घालून. लहान आतडं 6 मीटरच्या आसपास लांब असतं पण त्याचा आंत्रबंध पाठीच्या भिंतीला जिथे जोडलेला आहे ती रेघ जेमतेम 15 सेंटीमीटरची, म्हणजे घेरदार झालर वर कमरेशी चुणून टाकावी आणि खाली ऐसपैस सुटावी तसा प्रकार. ही झालर तुकड्यातुकड्यांची नसून सलग आहे, तिला स्वतंत्र अवयव म्हणावं, असं आयर्लंडमधले सर्जन कॉफी यांनी 2016 साली मांडलं आणि तेव्हापासून मेसेंटरीकडे बघायची नजरच बदलली.

प्रश्न: मग किडनी पण याच पिशवीत असते का?

नाही, ती पिशवीच्या मागे असते. किडन्या, मूत्रवाहिन्या, महाधमनी, स्वादुपिंडाचा बहुतेक भाग, मोठ्या आतड्याचे चढता आणि उतरता हे दोन भाग, हे सगळे पडद्याच्या पाठीमागे. म्हणूनच मुतखडा काढायला सर्जन पाठीकडून किडनीत शिरू शकतो आणि पेरिटोनियमला हातही लावावा लागत नाही.

प्रश्न: डॉक्टरताई, माझ्या सतरा वर्षांच्या मुलाला आधी बेंबीपाशी दुखत होतं, आम्हाला वाटलं गॅस असेल, रात्रीतून ते दुखणं खाली उजवीकडे गेलं आणि अपेंडिक्स निघालं. दुखणं सरकतं कसं? अपेंडिक्स तर जागचं हलत नाही ना?

बरोबर, अपेंडिक्स जागेवरच असतं, बदलते ती बातमी देणारी नस. तुमचा प्रश्न मला सगळ्यात आवडला, आणि मुलाचं ऑपरेशन वेळेत झालं हे वाचून बरं वाटलं.

मघाशी सांगितलेल्या दोन थरांच्या नसा वेगवेगळ्या आहेत. अवयवांवरच्या थराची बातमी स्वायत्त नसांतून जाते, आणि त्या नसांना जागा नेमकी सांगता येत नाही. आतडं कापलं किंवा डाग दिला तरी त्यांना काही कळत नाही पण तेच आतडं फुगलं, ताणलं गेलं किंवा त्याचा रक्तपुरवठा अडला की लगेच कळतं, आणि ते दुखणं पोटाच्या मधोमध जाणवतं: जठराकडचं असेल तर छातीखाली, लहान आतडं आणि अपेंडिक्सचं बेंबीपाशी, मोठ्या आतड्याच्या शेवटच्या भागाचं ओटीपोटात. अपेंडिक्सच्या नसा मज्जारज्जूत ज्या पातळीवर पोचतात, छातीची दहावी, तिथेच बेंबीभोवतीच्या त्वचेच्याही नसा पोचतात, म्हणून मेंदूला वाटतं बेंबीच दुखतेय.

भिंतीकडच्या थराचं तसं नाही. त्याच्या नसा त्यावरच्या त्वचेला आणि स्नायूंना जातात त्याच, त्यामुळे तिथलं दुखणं टोचून, नेमकं, बोट ठेवून दाखवता येईल असं. अपेंडिक्स आधी नुसतंच फुगतं, तेव्हा बेंबी दुखते. मग काही तासांनी सूज त्याच्या बाहेर येऊन शेजारच्या भिंतीच्या पेरिटोनियमला लागते आणि दुखणं उजवीकडे खाली "सरकतं". म्हणजे ते सरकणं हाच पुरावा की आजार अपेंडिक्सच्या बाहेर यायला लागलाय, आता वाट बघायची नाही.

यातूनच आणखी एक गोष्ट कळते जी घरातल्या प्रत्येकाला माहीत असायला हवी असं मला मनापासून वाटतं. आतड्याला पीळ मारून दुखत असेल, किंवा मुतखडा असेल, तर माणूस तळमळतो, उठतो, बसतो, कूस बदलतो, कशानेच बरं वाटत नाही. पण पेरिटोनियमलाच सूज आली असेल तर माणूस हलत नाही. पाय पोटाशी घेऊन निपचित पडून राहतो, खोकला आला तरी कळवळतो, गाडी खड्ड्यातून गेली तरी ओरडतो, श्वास सुद्धा वरवरचा घेतो, कारण जरा हललं की सुजलेले दोन थर एकमेकांवर घासतात. त्या दुखऱ्या जागेवरचे स्नायू आपोआप आवळून धरले जातात, माणसाने ठरवून नाही, कारण नस तीच आहे. अल्सर फुटून जठरातलं आम्ल पसरलं तर अख्खं पोट फळीसारखं होतं. असा गप्प पडलेला पेशंट बघून घरच्यांना वाटतं झोप लागली, जरा आराम पडला, आणि सकाळपर्यंत थांबतात. प्लीज थांबू नका. आणि अपेंडिक्स फुटल्यावर आतला दाब गेल्यामुळे थोडा वेळ खरंच बरं वाटू शकतं, त्याने फसू नका.

उलट बाजूही सांगते. खूप वयस्कर माणसं, स्टेरॉइड घेणारे, डायबिटीस जुना असलेले, गरोदर बायका, यांच्यात पोट कडक न होताही आत पू असू शकतो. तसंच अपेंडिक्स मोठ्या आतड्याच्या मागे दडलेलं असेल तर पोटाची पुढची भिंत शांतच राहते. म्हणून "पोट मऊ आहे म्हणजे काही नाही" असं घरच्या घरी ठरवायचं नाही. पोट साफ करायचं, म्हणजे जुलाब होण्याचं औषध तर अजिबात द्यायचं नाही. आणि दवाखान्यात डॉक्टरांनी वेदनाशामक इंजेक्शन दिलं तर "आता निदान चुकेल" म्हणून घाबरू नका, तो समज जुना झाला, दुखणं कमी करूनही तपासणी नीट करता येते.

प्रश्न: पित्ताशयाचं दुर्बिणीतून ऑपरेशन झालं, पोट फारसं दुखलं नाही पण दोन दिवस उजवा खांदा भयंकर दुखला. डॉक्टर म्हणाले गॅसमुळे. पोटातला गॅस खांद्यात कसा जाईल?

गॅस खांद्यात जात नाही, तुमचे डॉक्टर बरोबरच बोलले, फक्त वाक्य अर्धं राहिलं. दुर्बिणीच्या ऑपरेशनात पेरिटोनियमच्या पोकळीत कार्बन डायऑक्साइड भरतात, साधारण 12 ते 15 मिलिमीटर पाऱ्याच्या दाबाने, म्हणजे भिंत वर उचलली जाऊन आत काम करायला जागा मिळते. शेवटी तो काढून टाकतात पण थोडा राहतोच आणि तो श्वासपटलाखाली, म्हणजे छाती आणि पोट यांच्यामधल्या स्नायूच्या पडद्याखाली जाऊन बसतो. श्वासपटलाच्या मधल्या भागाच्या पेरिटोनियमची नस मानेतून येते, तिसऱ्या ते पाचव्या मणक्याच्या पातळीवरून, आणि खांद्याच्या त्वचेची नसही साधारण तिथूनच. मेंदूची पुन्हा तीच फसगत, बेंबीसारखीच. पडून राहिलं की कमी होतं, दोनतीन दिवसांत गॅस शोषला जातो आणि जातं. मात्र ऑपरेशन वगैरे काही नसताना पोटाला मार लागला आणि डावा खांदा दुखायला लागला तर ते वेगळं प्रकरण, प्लीहा फाटून रक्त श्वासपटलाला लागलेलं असू शकतं, तेव्हा सरळ इमर्जन्सी गाठायची.

प्रश्न: माझ्या सीटी स्कॅनच्या रिपोर्टमध्ये लिहिलंय की "ओमेंटम अपेंडिक्सभोवती गुंडाळलेलं आहे". हे चांगलं का वाईट?

तुमच्यासाठी चांगलंच झालं म्हणायचं! ओमेंटम म्हणजे पेरिटोनियमचीच दुमडलेली घडी. आपल्याकडे तिला वपा असा जुना शब्द आहे. ती जठराच्या खालच्या कडेपासून आतड्यांवर पडद्यासारखी लोंबते, वर जाळीदार चरबी, आणि त्या चरबीत पांढरट ठिपके असतात ज्यांत रोगप्रतिकारक पेशींची वस्ती असते. फ्रेंच शास्त्रज्ञ रांव्हिए यांनी 1870च्या दशकात त्यांचं वर्णन केलं, अजून त्यांना "दुधाळ ठिपके" असंच म्हणतात.

पोटात कुठे सूज आली, भोक पडलं, की तिथे ओमेंटम जाऊन चिकटतं आणि ती जागा बंद करायला बघतं. ब्रिटिश सर्जन रदरफर्ड मॉरिसन यांनी तिला "पोटाचा पोलीस" म्हटलं, ते नाव आजही प्रत्येक मेडिकल विद्यार्थ्याला पाठ असतं. खरं तर ते स्वतःहून चालत जात नाही, आतड्यांची हालचाल आणि श्वासाबरोबर होणारी हलवाहलव त्याला इकडेतिकडे नेते आणि सुजलेल्या जागी फायब्रिन नावाच्या चिकट प्रथिनामुळे ते अडकतं. पण ऑपरेशन करताना पोट उघडल्यावर ते बरोब्बर बिघडलेल्या जागेवर बसलेलं दिसतं तेव्हा इतक्या वर्षांनंतरही मला भरून येतं. आम्हीही त्याचा उपयोग करतो, अल्सर फुटलेल्या भोकावर ओमेंटमचाच तुकडा टाक्यांनी बसवतो.

लहान मुलांमध्ये मात्र हा पडदा आखूड आणि पातळ असतो, त्यामुळे त्यांचं अपेंडिक्स फुटलं तर पू पोटभर पसरायची भीती जास्त. मुलांच्या पोटदुखीत आम्ही घाई का करतो त्याचं हे एक कारण.

प्रश्न: पोटातलं पाणी एका जागी साचून राहतं का? आणि पेरिटोनायटिसच्या (पेरिटोनियमला सूज आलेल्या) पेशंटला टेकवून बसवतात ते का?

साचून राहत नाही, फिरत असतं. श्वास घेताना श्वासपटलाखाली दाब कमी होतो आणि पाणी वर ओढलं जातं, मुख्यतः उजव्या बाजूने, कारण डावीकडे वर जाताना एक घडी आडवी येते. वर श्वासपटलाच्या पेरिटोनियममध्ये बारीक भोकं असतात, फॉन रेकलिंगहाउझेन यांनी 1863 साली दाखवली होती, त्यांतून पाणी लसीकावाहिन्यांत जातं आणि पुढे रक्तात. सोय छान आहे, पण पू झाला की तोच रस्ता जंतूंनाही मिळतो. म्हणून अमेरिकन सर्जन फाउलर यांनी 1900 साली सुचवलं की पेशंटचं डोकं आणि धड उंच ठेवा म्हणजे पू खाली ओटीपोटात उतरेल. तेव्हा अँटिबायोटिक्स नव्हती हो, बसायची पद्धत हाच उपचारांतला मोठा भाग होता. तीच "फाउलर पोझिशन" आजही प्रत्येक वॉर्डात आहे, आता जास्त करून श्वास सोपा जावा म्हणून.

एक फरक इथेच सांगते. पुरुषात ही पिशवी पूर्ण बंद असते. स्त्रियांमध्ये बीजवाहिन्यांची तोंडं थेट हिच्यात उघडतात, म्हणजे गर्भाशयमार्गे बाहेरच्या जगाशी वाट आहे, आणि म्हणून योनीमार्गातला संसर्ग वर चढून पोटात पोचू शकतो. ओटीपोटात दुखतंय, अंगावरून घाण वास येणारं जातंय, ताप आहे, असं असेल तर लाजून घरी बसू नका गं मैत्रिणींनो.

प्रश्न: बाबांची दोन्ही मूत्रपिंडं निकामी झालीत. डॉक्टर म्हणतात मशीनऐवजी पोटातून डायलिसिस करता येईल, घरीच. पोटात किडनीचं काम कोण करणार? आणि हे सुरक्षित आहे का?

पेरिटोनियमच करणार. मघाशी सांगितलेला तो दीड-दोन चौरस मीटरचा पडदा, त्याच्याखाली केशवाहिन्यांचं दाट जाळं आहे. पोटात एक मऊ नळी कायमची बसवतात आणि तिच्यातून साधारण 2 लिटर निर्जंतुक द्रव आत सोडतात. रक्तातलं युरिया, क्रिएटिनिन, पोटॅशियम जिथे जास्त तिथून कमी तिकडे, म्हणजे द्रवात उतरतं, आणि द्रवातल्या ग्लुकोजमुळे जादा पाणीही ओढून घेतलं जातं. चारसहा तासांनी ते काढून नवीन भरायचं, दिवसातून बहुधा 4 वेळा, किंवा रात्री झोपेत छोट्या मशीनवर. जर्मनीत गांटर यांनी 1923 मध्ये पहिला प्रयत्न केला होता, पण रोज घरी चालताफिरता करता येईल अशी पद्धत पॉपोविच आणि मॉनक्रीफ या दोघांनी 1976 मध्ये मांडली.

प्रत्येकाचा पडदा सारखा नसतो. कुणाचा फार "झिरपणारा" असतो, त्याच्यात ग्लुकोज लवकर रक्तात शोषलं जातं आणि पाणी नीट निघत नाही, म्हणून सुरुवातीला एक चाचणी करून द्रव किती वेळ ठेवायचा ते ठरवतात. वर्षानुवर्षांच्या ग्लुकोजने पडदा हळूहळू जाड होतो हेही खरं, तेव्हा ही पद्धत काही वर्षांनी बदलावी लागू शकते, ते आधीच मनात धरा. पण बाबांना आठवड्यातून तीन खेपा माराव्या लागणार नाहीत, उरलीसुरली लघवी जास्त काळ टिकते, बीपी एकदम खाली जात नाही, माझ्या मते घरात मनापासून करणारं कुणी असेल तर नक्की विचार करावा.

धोका मुख्य एकच, संसर्ग. प्रत्येक वेळी हात स्वच्छ धुवायचे, मास्क लावायचा, पंखा बंद, नळीच्या टोकाला बोट लावायचं नाही. आणि बाहेर आलेली पिशवी रोज उजेडात धरून बघायची. तिच्यातून पलीकडची अक्षरं वाचता आली पाहिजेत. द्रव गढूळ दिसला तर पोट दुखो वा न दुखो, ती पिशवी न फेकता बरोबर घेऊन त्याच दिवशी डायलिसिस सेंटरला जायचं.

प्रश्न: जलोदर म्हणजे याच पोकळीत पाणी होणं का? दारू न पिणाऱ्यालाही होतो का?

हो, आणि हो. लिव्हर सिरॉसिस हे मोठं कारण, पण सिरॉसिस काही फक्त दारूने होत नाही, हिपॅटायटिस बी, सी आणि फॅटी लिव्हरनेही होतो. शिवाय हार्ट फेल्युअर, पेरिटोनियमचा टीबी, अंडाशयाचा किंवा आतड्याचा कॅन्सर पडद्यावर पसरणं. म्हणून पहिल्यांदा पाणी झालं की सुईने थोडं काढून तपासतातच. रक्तातल्या अल्ब्युमिन या प्रथिनाच्या प्रमाणातून पाण्यातलं अल्ब्युमिन वजा करतात, फरक डेसिलिटरला 1.1 ग्रॅम किंवा जास्त आला तर लिव्हरच्या शिरांमधला दाब वाढलाय असं समजायचं, कमी आला तर पडद्याचाच आजार शोधायचा. जलोदराच्या पेशंटला ताप आला, पोट दुखलं किंवा बोलण्यात गोंधळ वाटला तर त्या पाण्यात जंतू झालेत का हे लगेच बघावं लागतं.

प्रश्न: सिझेरियनच्या वेळी डॉक्टर म्हणाल्या की पेरिटोनियमला टाके घातले नाहीत. हे राहून गेलं का? आणि पोटात आतडी चिकटतात म्हणतात ते यामुळेच का?

राहून नाही गेलं, विचार करूनच सोडलं असणार. त्वचेची जखम कडेकडेने भरत येते, म्हणून मोठी जखम भरायला जास्त दिवस. पेरिटोनियमचं वेगळं आहे, उघड्या पडलेल्या अख्ख्या जागेवर एकाच वेळी ठिकठिकाणी नव्या पेशी बसतात, त्यामुळे लहान असो की मोठी, जखम साधारण आठवडाभरात झाकली जाते. टाके घालून ताणलं तर उलट तिथला रक्तपुरवठा कमी होतो. म्हणून बरेच सर्जन ते तसंच सोडतात.

चिकटणं का होतं तर जखमेवर आधी फायब्रिनचा चिकट थर येतो. निरोगी पेरिटोनियम तो काही दिवसांत विरघळवून टाकतं. पण कोरडं पडलं, फार हाताळलं गेलं, रक्त साचलं, संसर्ग झाला तर विरघळवायची ताकद कमी पडते आणि त्या थराचे पक्के पट्टे होतात. पोटाच्या मोठ्या उघड्या ऑपरेशननंतर बहुतेकांच्या पोटात थोडेफार पट्टे होतातच, घाबरायचं कारण नाही, बहुतेकांना जन्मभर काही त्रास होत नाही. दुर्बिणीच्या ऑपरेशनात हाताळणी कमी म्हणून हेही कमी.

पण पोटाचं जुनं ऑपरेशन असलेल्या कुणाला, ते वीस वर्षांपूर्वीचं का असेना, पोटात कळा येऊन पोट फुगलं, उलट्या लागल्या आणि गॅस-शौच दोन्ही बंद झालं, तर आतडं पट्ट्यात अडकलेलं असू शकतं. तोंडाने काही देऊ नका, थेट हॉस्पिटलला जा आणि दारातच सांगा की पोटाचं ऑपरेशन झालेलं आहे, कधी आणि कशाचं ते सुद्धा.